रोहित, कासव आणि मिठाचा हिशेब : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. समुद्री सरपटणारे प्राणी, समुद्रपक्षी आणि सागरी सस्तन प्राण्यांवरच्या लेखावर तुम्ही चार आक्षेप घेतलेत. रोहित (फ्लेमिंगो) ठाणे खाडीच्या खाऱ्या पाण्यात महिनोन्‌महिने उभा असतो, तरी तो समुद्रपक्षी नाही आणि अंडी घालायला जमिनीवर येणारं कासव मात्र समुद्री, हा कुठला न्याय? ‘हे तिन्ही गट जादा मीठ ग्रंथीतून बाहेर टाकतात’ हे वाक्य डॉल्फिनला लागू होतं का? ऐरोलीच्या खारफुटीत चिखलावरून सरपटत गेलेला साप समुद्रसाप का नाही? आणि वाशीच्या पुलावरून रोज जाणाऱ्याला या वर्गीकरणाचा उपयोग काय?

दुसरा आक्षेप आधी घेतो, कारण तिथे चूक माझी आहे. डॉल्फिनला, किंबहुना कुठल्याच सागरी सस्तन प्राण्याला, मीठग्रंथी नसते. ते वाक्य लेखात दुरुस्त केलं आहे.

मीठग्रंथी म्हणजे नेमकं काय, हे आकड्यांत बघू. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम मीठ असतं. माणसाचं मूत्रपिंड लघवीत फार तर दोन टक्क्यांच्या आसपास मीठ सोडू शकतं. म्हणजे लिटरभर पाणी प्यायलं, तर त्यातलं मीठ काढायला पावणेदोन लिटर लघवी लागणार. वरचं पाऊण लिटर शरीरातूनच जाणार. कुरव (सीगल) या समुद्रपक्ष्याच्या ग्रंथीतून पाच टक्क्यांपर्यंत खारट द्रव बाहेर पडतो. तेच 35 ग्रॅम मीठ 700 मिलिलिटरमध्ये निघून जातं आणि 300 मिलिलिटर पाणी पदरात पडतं. ही ग्रंथी डोळ्यांच्या वर, कवटीच्या खोबणीत असते. द्रव नाकपुडीतून चोचीच्या टोकाशी ओघळतो. हिवाळ्यात खाडीवर कुरव मान झटकताना दिसले, तर त्यामागे बऱ्याचदा हेच कारण असतं. कासवात ही ग्रंथी डोळ्याजवळ, समुद्रसापात जिभेखाली आणि खाऱ्या पाण्यातल्या मगरीत थेट जिभेवर. अंडी घालताना ‘रडणारं’ कासव पाण्यातही तसंच रडत असतं, फक्त ते आपल्याला दिसत नाही.

तरी ग्रंथी आहे म्हणजे पाण्याची ददात मिटली, असंही नाही. पिवळ्या पोटाचा समुद्रसाप सगळं आयुष्य समुद्रात काढतो, पण पितो गोडं पाणी. मोठा पाऊस झाला की समुद्राच्या पृष्ठभागावर काही काळ गोड्या पाण्याचा पातळ थर राहतो, त्यावर त्याची भिस्त. पाऊस लांबला की तो शब्दशः सुकतो.

डॉल्फिनचा मार्ग वेगळा. तो समुद्राचं पाणी पिण्याच्या फंदात फारसा पडतच नाही. हाडांचा सांगाडा असलेल्या माशांच्या शरीरात समुद्राच्या साधारण एक तृतीयांशच खारटपणा असतो, त्यामुळे मासा हेच त्याचं जेवण आणि पाणीही. शिवाय एक ग्रॅम चरबी जाळली की ग्रॅमभराहून किंचित जास्त पाणी तयार होतं. उरलेलं काम मूत्रपिंडाचं. ते द्राक्षाच्या घोसासारखं, शेकडो लहान खंडांचं बनलेलं असतं.

आता रोहित. त्यालाही मीठग्रंथी असते, त्यामुळे ‘खारं पाणी चालतं’ या कसोटीवर तुम्ही बरोबर आहात. पण ती कसोटीच चुकीची आहे. धाकट्या रोहिताचे सर्वांत मोठे थवे पूर्व आफ्रिकेत नाट्रॉनसारख्या सरोवरांवर असतात, समुद्रापासून कितीतरी आत. राजस्थानातलं सांभर सरोवरही तसंच. त्याला हवं उथळ खारं पाणी आणि चोचीने गाळता येतील अशी सूक्ष्म शेवाळं, मग शेजारी समुद्र असो वा नसो. ओहोटीला चिखल उघडा पडला की तो खाडीत चरतो आणि भरती आली की नेरुळ-सीवूड्सकडच्या पाणथळींवर सरकतो. समुद्र भरला की निघून जाणारा पक्षी समुद्रपक्षी कसा? कासवाची मादी किनाऱ्यावर येते ती काही तासांपुरती. नर तर पिल्लू असताना पाण्यात शिरला की सहसा परत वाळूवर येतच नाही. रोहिताचं नेमकं उलट. समुद्र काढून टाकला तरी तो जगतो.

सापाबद्दल तुमच्याच वर्णनात उत्तर आहे. खऱ्या समुद्रसापाची शेपटी वल्ह्यासारखी उभी चपटी असते आणि पोटाखालचे खवले इतके अरुंद, की जमिनीवर त्याला पकडच मिळत नाही, तो लोळतो. सराईत सरपटत गेलेला तुमचा साप बहुधा खारफुटीतला श्वानमुखी पाणसाप असावा. गोल शेपटी, वर वळलेले बारीक डोळे, सौम्य विष. पण चपट्या शेपटीचा साप जाळ्यात आला तर हात लावू नका. आपल्याकडचं सर्पविषावरचं औषध नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं यांच्या विषावर बनतं, समुद्रसापाच्या नव्हे.

उपयोगाचं विचारलंत, तर तो पावसाळ्यात कळतो. वादळी वाऱ्याने बुबी हा समुद्रपक्षी कधीकधी किनाऱ्यावर येऊन पडतो. चावेल म्हणून लोक त्याची चोच चिकटपट्टीने बांधतात आणि तो गुदमरतो, कारण त्याच्या बाहेरच्या नाकपुड्या बंद असतात. तो चोचीच्या कडेने श्वास घेतो. त्याला टॉवेलमध्ये धरून भोकं पाडलेल्या खोक्यात अंधारात ठेवा, तोंडात पाणी ओतू नका. डॉल्फिन वाळूत अडकला तर अंगावर ओलं कापड घाला, पण डोक्यावरच्या श्वासछिद्रात पाणी जाऊ देऊ नका आणि शेपटीला धरून ओढू नका. सुस्त कासव दिसलं की लोक त्याला लगेच पाण्यात ढकलतात. डोकं वर काढायची ताकद नसेल तर ते बुडून मरतं. सावलीत ठेवा, पाठीवर ओलं फडकं टाका आणि वनविभागाच्या 1926 वर फोन करा.