सगळी कपात म्हणजे बचत नव्हे

"डीबीटीमुळे देशाचे 3.48 लाख कोटी वाचले. आधारने बोगस लाभार्थी उडवले. आता दलाल नाही, रांग नाही, घरबसल्या सगळं मिळतं!" डीबीटी, म्हणजे सरकारी मदत थेट बँक खात्यात जमा करणं, त्यावरचा हा मेसेज दादांनी घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली आत्याचे हात जोडलेले. रेशनच्या मशीनवर जिचा अंगठा लागत नाही, तीच आत्या! मग राहवलं नाही.

आधी गॅसचं बघू, कारण तिथे 'कॅग'ने, म्हणजे सरकारी खर्च तपासणाऱ्या लेखापरीक्षकांनी, हिशोब तपासलाय. गॅसची सबसिडी थेट खात्यात देणारी पहल योजना 1 जानेवारी 2015 पासून देशभर लागू झाली. त्या वर्षी एप्रिल ते डिसेंबरमधला सबसिडीचा खर्च आदल्या वर्षीच्या त्याच महिन्यांपेक्षा सुमारे 23,316 कोटींनी उतरला. श्रेय आधारला. कॅगने 2016 च्या अहवालात फोड केली: त्यातले 21,552 कोटी सिलिंडरमागची सबसिडीच घटल्यामुळे, कारण कच्चं तेल कोसळलं होतं. सबसिडीचे सिलिंडर कमी उचलले गेल्यामुळे? फक्त 1,764 कोटी. त्यातही 'गिव्ह इट अप' म्हणून स्वतःहून सोडणारे आलेच.

2020 च्या मेपासून तर बहुतेकांची सबसिडी यायचीच थांबली. दादा, तुमचीही. ती पण आधारने वाचवलेली समजायची का?

खोटी जोडणी होती, घरगुती सिलिंडर हॉटेलात जायचे, त्याला थोडा आळा बसला. बरं, एवढं मान्य.

पण कापलेलं प्रत्येक नाव बोगस कसं? मयत, परगावी कामाला गेलेला, आधारवरच्या नावाचं स्पेलिंग न जुळलेला, ठसे झिजलेली म्हातारी, सगळे 'वगळले' याच रकान्यात. अंगठा लागला नाही म्हणून कुणाचं धान्य अडवू नका, असं केंद्राने 24 ऑक्टोबर 2017 ला राज्यांना लेखी कळवलं होतं. उगाच नाही कळवलं. किती खरी नावं चुकून कापली आणि किती परत लागली, ते वजा न करता बचत सांगायची म्हणजे निम्मीच वही दाखवणं झालं.

आणि घरबसल्या? स्मार्टफोन आणि आधारला जोडलेला चालू नंबर असेल तर. नाहीतर सेतू केंद्र, आणि बाहेर फॉर्म भरून देणारा. शिवाय पैसे जातात आधार शेवटी ज्या खात्याला सीड झालंय, म्हणजे जोडलं गेलंय, तिथे. माणूस पासबुक घेऊन भलत्याच बँकेत उभा असतो. पोर्टलवर 'पेमेंट यशस्वी'.