टरफलाचा रंग वेगळा, बलकाचा वेगळा

सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळहून प्रतिक्रिया लिहिणाऱ्या वाचकांना नमस्कार. तुमचं म्हणणं असं : गावरान अंडं तांबूस, त्याचा बलक केशरी, म्हणून त्यात ताकद जास्त, आणि ‘टरफलाच्या रंगाने पोषण बदलत नाही’ असं लिहिणं म्हणजे पोल्ट्रीवाल्यांची वकिली.

यात दोन रंगांची गल्लत झाली आहे. टरफलाचा रंग कोंबडीची जात ठरवते. टरफल बनायला साधारण २० तास लागतात आणि तांबूस रंग, म्हणजे प्रोटोपॉर्फिरिन, त्यावर बहुतांशी शेवटच्या काही तासांत चढतो. बलक तोवर कधीच तयार झालेला असतो. तांबूस टरफल आतून फिकं दिसतं ते यामुळेच. व्हाइट लेगहॉर्न पांढरं अंडं देते, ऱ्होड आयलंड रेड तांबूस. कडकनाथ तर कातडीपासून हाडापर्यंत काळी, पण अंडं फिकट बदामी!

बलकाचा रंग खाद्यातून येतो. पिवळा मका, लसूणघास, झेंडूच्या पाकळ्या यांतलं झँथोफिल, म्हणजे पिवळं रंगद्रव्य, बलकात उतरतं. ज्वारीत ते फार कमी. त्यामुळे नुसत्या मालदांडी ज्वारीवर पोसलेल्या, हिरवं न मिळालेल्या गावरान कोंबडीचा बलकही फिकाच निघणार. उलट पोल्ट्रीच्या खाद्यात झेंडूचा अर्क घातला की पांढऱ्या अंड्यातही बलक केशरी.

एक मात्र खरं : उन्हात हिंडणाऱ्या कोंबडीच्या अंड्यात ड जीवनसत्त्व जास्त असतं, आणि खाद्यात जवस असलं तर ओमेगा-३ वाढतं. पण हे ऊन आणि जवस पांढरं अंडं देणाऱ्या कोंबडीलाही मिळू शकतं.

प्रथिनांचा हिशोब वजनावर करा. ४० ग्रॅमच्या गावरान अंड्यात साधारण साडेचार ग्रॅम, ५५ ग्रॅमच्या पोल्ट्रीच्या अंड्यात सहा. गावरान महाग पडतं. चवीसाठी घ्या की, पण प्रथिनांसाठी जादा पैसे कशाला?

व्हिनेगरने रंग निघाला तर अंडं चहाच्या पाण्यात रंगवलेलं, ही तुमची परीक्षा करू नका. आम्लाने टरफलाचा वरचा थर विरघळतो, त्यामुळे अस्सल रंगही निघतो. त्यापेक्षा सोलापुरी उन्हाळ्यात, पारा ४२ च्या वर असताना, ताजेपणा बघा. अंडं पाण्यात सोडा : आडवं बसलं तर ताजं, उभं राहिलं तर जुनं, लवकर संपवा, तरंगलं तर फेकून द्या. आणि अंडी आणल्या आणल्या धुऊन ठेवू नका. टरफलावरचा संरक्षक पापुद्रा निघून जातो आणि टरफलाच्या छिद्रांतून जंतूंना वाट मिळते.