मान हलवली आणि सेक्रेटरी झाले

आमचे हे काल सोसायटीचे सेक्रेटरी झाले. निवडून नाही, मान हलवून.

गच्चीवर मीटिंग. खाली रिक्षांचा गोंगाट, बाजूला कुणाची तरी नातवंडं पकडापकडी खेळताहेत, आणि पाण्याच्या टँकरच्या बिलावरून सगळे एकदम बोलताहेत. त्यात अध्यक्षांनी विचारलं, "मग काका, या वर्षी सेक्रेटरीचं तुम्ही बघाल का?" यांना प्रश्न ऐकूच आला नव्हता, तरी यांनी आपलं ते ठेवणीतलं हसू काढलं, मान डोलावली आणि म्हणाले, "हो हो, बरोबर आहे." टाळ्या! मी शेजारच्या खुर्चीवरून कोपराने ढोसत होते, तर यांना वाटलं मी डास मारतेय. खुर्ची जरा लांब सरकवली. लिफ्टमध्ये लोक अभिनंदन करताहेत, त्यालाही "हो हो". घरी येऊन चपला काढता काढता मला विचारतात, "कसलं गं अभिनंदन?" सांगितलं. तीनदा सांगितलं. तर म्हणे, "मग तिथेच सांगायचं नाही का मला? नुसती पुटपुटत होतीस."

पुटपुटत. मी!

परवाच आतल्या खोलीतून विचारलं, "अहो, गॅस बंद केलात का?" हे सोफ्यावर ढिम्म. शेजारच्या वहिनींनी त्यांच्या गॅलरीतून सांगितलं, "हो, केला हो!" आणि अशी बाई म्हणे पुटपुटते. सगळ्या नातेवाइकांत हाच प्रचार चाललाय, "हिचा आवाज हल्ली फार बारीक झालाय." नणंदबाई दिवाळीत दोन दिवस येतात आणि जाताना मलाच सल्ला देतात, "वहिनी, तुम्ही जरा सुटं सुटं बोलत जा ना दादाशी." ठेवून घ्या म्हटलं महिनाभर दादाला. हसल्या आणि गेल्या.

बरं, हळू बोललं तर "काय?" आणि मोठ्याने बोललं तर "ओरडतेस कशाला?" या दोन्हीच्या मधे कुठेतरी यांच्या कानाला मानवणारा एक आवाज आहे म्हणतात. संसार संपत आला, मला अजून सापडलेला नाही.

कानांच्या तपासणीला नेलं होतं. म्हणजे लोटत नेलं. बंद खोलीत हेडफोन लावून बसवलं, बीप ऐकू आलं की बटण दाबायचं. कागदावर रेषा निघाली ती डावीकडे, जाड आवाजांच्या बाजूला, ठीक आणि उजवीकडे, बारीक आवाजांच्या बाजूला, घाट उतरल्यासारखी खाली. तिथल्या बाईंनी समजावून सांगितलं की वय झालं की आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज जातात. अ, आ, ए, ऊ कानापर्यंत पोहोचतात; स, श, फ, च वाटेत गळतात. म्हणून आवाज येतो, पण बोललेलं कळत नाही. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मागे शेपू आणायला सांगितला तर हे पिशवीभर पेरू घेऊन आले होते, ते असं! आणि सातची गाडी म्हणून सांगितलं तर आठला निघायच्या तयारीने दाढी करत बसले होते, तेही असंच. गाडी गेली, भाचीच्या साखरपुड्याला आम्ही जेवणाच्या पंगतीला पोहोचलो, आणि अंगठ्या कधी घातल्या ते मी अजून फोटोतच बघते.

त्या बाई पुढे म्हणाल्या, बायकांचे आणि लहान मुलांचे आवाज आधी अवघड जातात, पुरुषांचे जाड आवाज त्या मानाने बरे कळतात. झालं! यांच्या त्या ढोलकंठ्या मित्राचं सगळं कळतं आणि माझं काहीच कळत नाही म्हणजे हे मुद्दाम करतात, हा भांडणातला माझा हुकमी मुद्दा होता. तोही काढून घेतला, वर फी घेतली.

ऐकायचं मशीन घेतलंय. दोन्ही कानांचं. त्या किमतीत माझ्या बांगड्या झाल्या असत्या. ते कुठे असतं? टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये, जुन्या रिमोटच्या शेजारी. घातलं त्या दिवशी पेपर चाळल्याचा आवाज नको, कुकरची शिट्टी नको, "तू भांडी आपटतेस." अहो, मी भांडी लग्नापासून आपटतेय, तुम्हाला आज ऐकू आलं! मेंदूला सवय व्हायला काही आठवडे रोज घालावं लागतं, हे सांगूनही झालं. पण नाही. चष्म्याची लाज नाही, कवळीची लाज नाही, कानात एवढंसं मशीन दिसलं की मात्र म्हातारे दिसतो म्हणे. आणि चुकीच्या प्रश्नाला "हो हो" म्हणताना तरुण दिसता का? मशीनच्या त्या ३१२ नंबरच्या सेलचं तपकिरी स्टिकर काढलं की वापरा न वापरा, सेल उतरायला लागतो. हे स्टिकर काढतात, मशीन ड्रॉवरमध्ये टाकतात, आणि स्टिकर माझ्या तळपायाला.

व्हॉट्सॲपवर लेख पाठवला. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाच्या २०२४ च्या अहवालात स्मृतिभ्रंशाचे टाळता येण्याजोगे १४ धोके दिलेत, त्यात ऐकू न येणंही आहे. उत्तर म्हणून नुसता अंगठा आला. वाचलं का विचारलं, तर "हो हो".

मला राग त्या सेक्रेटरीपणाचाही नाही खरं तर. मोठ्या गोष्टी लिहून दाखवता येतात. बँक, औषधं, गॅसचा नंबर, सगळं फळ्यावर लिहिते. पण समोरच्यांच्या सुनेने दारात कसली रांगोळी काढली, हे काय फळ्यावर लिहू? लग्नात शेजारी बसून कुणाच्या तरी शालूवर हळूच दोन शब्द बोलायचे, तर यांच्यासाठी ते सनई थांबवून जाहीर करावे लागतील. म्हणून मग "काय म्हणालीस?" ला मी "काही नाही" म्हणते. आणि यांना ते "काही नाही" मात्र बरोबर ऐकू येतं, त्यावर दिवसभर फुगून बसतात. माझा आवाज तर असा चढलाय की बँकेत पासबुक भरायला गेले तर वॉचमन आत आला. भिशीतल्या बायका मला गुपितं सांगायच्या बंद झाल्यात.

आणि हो, कुणीही मला कोमट करून लसणाचं तेल कानात घाला असं सांगू नका. आत्याबाईंनी सांगून झालंय, दूधवाल्यानेही सांगून झालंय. कानाच्या आतल्या आवाज टिपणाऱ्या केसपेशी एकदा गेल्या की माणसात परत येत नाहीत. तेलाने डोक्यावरचे तरी कुठे आले? तिथेही बाटल्यांवर बाटल्या रिकाम्या करून झाल्यात यांच्या.