क्वार्टर्स बचाव समितीसाठी काही सूचना

वरणगावच्या आयुध निर्माणी फॅक्टरीच्या इस्टेटीत उद्या नोटीस लागली, की बैठ्या क्वार्टर्स पाडून सगळ्यांना बहुमजली इमारतीत हलवायचा प्रस्ताव आहे, हरकती अमुक तारखेच्या आत लेखी द्याव्यात, तर ती वाचत बसू नका. फोटो काढा आणि ग्रुपवर टाका. तारखेची ओळ फोटोत आली नाही तरी चालतं. हरकत काही लेखी द्यायची नसते, ती 'जागे व्हा' म्हणून फॉरवर्ड करायची असते.

मग बैठक. ती अर्थातच कोणाच्या तरी मळ्यात आणि भरिताची. कपाशीच्या वाळल्या पऱ्हाटीवर वांगी भाजेपर्यंत विषयाला हात घालू नये. वांगं बामणोदचं भारी की असोद्याचं, यावर दीड तास जाऊ द्या. तिथे मतं ठाम असतात आणि जो तो अभ्यास करून आलेला असतो. लाकडी बडजीत ठेचलेलं भरीत ताटात पडलं, की अध्यक्ष निवडून टाका. उपाध्यक्ष पाच ठेवा, नाहीतर एखादी युनियन रुसते.

बायकांना बोलावू नका. त्या नको ते विचारतात. मे महिन्यात पारा 45 च्या पुढे गेला, की तिसऱ्या मजल्यावरच्या कूलरमध्ये पाणी कोण ओतणार? ज्वारीचे पापड, म्हणजे बिबडे, कुठे वाळत घालायचे? आता अंगणात दोन बाजा टाकल्या, त्यावर जुनं लुगडं पसरलं, की सकाळी थापलेले बिबडे संध्याकाळी उचलायचे आणि रात्री त्याच बाजांवर पोरांनी झोपायचं. तिकडे चार हातांच्या गॅलरीत कपडे वाळवायचे, बिबडे वाळवायचे की आजोबा? असली क्षुल्लक कारणं निवेदनात नकोत, त्यांना साहेबाकडे उत्तर नसतं आणि साहेब उगाच ओशाळतो. आपण 'अस्मिता' लिहावं. अस्मितेला गॅलरी लागत नाही.

निवेदन तहसीलदारांना द्या. त्यांचा याच्याशी काही संबंध नाही, पण फोटो चांगला येतो. खरा मालक शोधायचा म्हणजे कटकट. 1 ऑक्टोबर 2021 ला आयुध निर्माणी बोर्ड मोडून सात कंपन्या झाल्या. वरणगाव गेलं म्युनिशन्स इंडियाकडे, म्हणजे पुण्याला; शेजारचं भुसावळ यंत्र इंडियाकडे, म्हणजे नागपूरला. एवढं पाहून कोण पाकीट लिहितो? संपाचा इशारा मात्र जरूर द्या. 2021 मध्येच संपाची हाक दिली, तर सरकारने आधी अध्यादेश आणि मग कायदा आणून संपावरच बंदी घातली होती, हे शेवटच्या ओळीत आठवू नका.

माहिती अधिकाराच्या वाटेला तर जाऊच नका. 10 रुपये जातात, आणि वर 30 दिवसांत उत्तर द्यावं लागत असल्यामुळे ते खरंच येण्याचा धोका असतो. मग नकाशा हातात पडणार, जुन्या क्वार्टर्सचा तपासणी अहवाल पडणार, गळणाऱ्या छपरांची नुसती डागडुजी का होत नाही तेही कळणार. एवढं कळल्यावर घोषणा कोणत्या तोंडाने देणार?

फूट पाडायला बाहेरचा माणूस लागू देऊ नका. ज्यांनी भुसावळात बंगला बांधला आणि मूळ पगाराच्या 10 टक्के घरभाडे भत्ता घेतात, त्यांना म्हणा, 'तुमचं काय जातंय भो?' ते निघून जातील. मग निवृत्तीला वर्ष राहिलेल्यांना तेच म्हणा.

हे सगळं होईपर्यंत तारीख गेलेली असेल. तेव्हा दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, कोणी नसताना इस्टेट ऑफिसात जा आणि तळमजल्याच्या फ्लॅटसाठी अर्ज द्या. सोबत गुडघ्याचा एक्स-रे जोडावा. नमुना हवा असेल तर अध्यक्षांकडे मागा, त्यांचा अर्ज पहिल्याच आठवड्यात गेलाय. पाचही उपाध्यक्षांचे गुडघे त्यानंतर गेले.