भरती कधी? सर, ब्रेकफास्ट इन्क्लुडेड आहे!

काल काशीदच्या एका रिसॉर्टला फोन केला. विचारलं एवढंच, की किनाऱ्यावर जीवरक्षक किती वाजेपर्यंत असतो आणि शनिवारी भरती कधी आहे? पलीकडचं पोरगं म्हणालं, "सर, ब्रेकफास्ट इन्क्लुडेड आहे."

अरे बाबा, भरती! समुद्र! तुमच्या गेटासमोर आहे तो!

"हां, बीच एकदम टच आहे सर. दोन मिनिटं."

जीवरक्षक? "सीसीटीव्ही आहे सर." म्हणजे मी बुडताना रेकॉर्डिंग होणार. शेवटी वैतागून विचारलं, पाण्याला ओढ कितपत असते? तर म्हणे, "काही होत नाही काका." सरचा काका झाला, उत्तर नाहीच.

हे "काही होत नाही" डोक्यात जातं माझ्या. तिथून पुढे अर्ध्या-पाऊण तासावर मुरूड. १ फेब्रुवारी २०१६ ला पुण्यातल्या कॉलेजची सहलीला गेलेली १४ मुलं त्या पाण्यात गेली. हे फॅमिली ग्रुपवर टाकलं, तर मेव्हण्याने हात जोडलेला इमोजी आणि त्याखाली लगेच मासळी थाळीचा फोटो टाकला.

रिव्ह्यू वाचावेत तर "सेफ फॉर फॅमिली, फाइव्ह स्टार." खाली फोटो कशाचा? स्विमिंग पूलचा! गुडघाभर पाण्यात बसून समुद्राला मार्क देणारे हे लोक. आणि हेच ताम्हिणीत वळणावर ओव्हरटेक करणार, पुळणीवर गाडी घालणार, ती रुतली की गावकऱ्यांवर ओरडणार. गोव्यात निदान लाल झेंडा तरी लावतात. आमची जनता त्या झेंड्याला टेकून सेल्फी काढते, तो भाग वेगळा.

शेवटी आजीचा हिशोब काढला. तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. शनिवारी अष्टमी, आठाची पाऊणपट सहा. म्हणजे संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती, मग ओहोटी लागणार, वर अंधार. आणि आमची वरात चहा-भजी आटोपून पाण्यात उतरणार ती नेमकी तेव्हाच. कालनिर्णय भिंतीवर आहे, पाढे शाळेत झालेत, पण रिसॉर्टवाल्याला एवढं सांगता येऊ नये?

हे सगळं तावातावाने बायकोला ऐकवलं. ती शांतपणे म्हणाली, "अहो, पण तुम्हाला पोहता कुठे येतं?"

नाही येत. टिळक तलावावर दोन उन्हाळे फी भरली, पाठीला डबा बांधून कडेकडेने फिरलो, तिसऱ्या उन्हाळ्यात गुडघा दुखायला लागला. नंतर तिने आणखी एक काढलं, की आज सकाळी कर्वे रोडला दूध आणायला कोण गेलं होतं, आणि हेल्मेट कुठे होतं? हेल्मेट कपाटावर होतं. त्यात तिने कांदे ठेवलेत, हे मात्र मी मुद्दाम सांगितलं नाही.

बुकिंग अर्थातच झालं. ॲडव्हान्स परत मिळत नाही, हे त्या पोराला बरोबर सांगता आलं. रात्री साडेदहाला त्याचाच मेसेज आला.

"सर, भरतीचं मालकांना विचारलं. रोज असते."