संध्याकाळी सातला कोण भेटतं?

आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दारूवरून वर्षातून एकदा तरी भांडण पेटतंच. २०२१ मध्ये चंद्रपूरची दारूबंदी उठली तेव्हा पेटलं होतं. २०२५ च्या जूनमध्ये सरकारने भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचं उत्पादन शुल्क निर्मितीखर्चाच्या तिपटीवरून साडेचारपटीवर नेलं, तेव्हा पुन्हा. काका म्हणतात, सगळी दुकानं बंद करा. चुलतभाऊ म्हणतो, बंदी आली की मागच्या दाराने हातभट्टी येते, त्यापेक्षा कर घ्या. दोघंही पोटतिडकीने बोलतात. त्याच ग्रुपवर माझा सख्खा मोठा भाऊही आहे. पाच वर्षं झाली, दादा दारूला शिवलेला नाही. त्या भांडणात तो एक अक्षर लिहीत नाही आणि त्यालाही कुणी विचारत नाही की बाबा, तुझी कशी सुटली?

मी स्कॉटलंडमधल्या ग्लासगोत फार्मासिस्ट आहे, चौदा वर्षं झाली. इथे हेरॉइन सोडू पाहणाऱ्या बऱ्याच माणसांना रोज औषधाच्या दुकानात येऊन मेथाडोन घ्यावं लागतं. हिरवट पातळ औषध छोट्या कपात ओतायचं, त्याने ते माझ्यासमोर प्यायचं, वर घोटभर पाणी, मग दोन शब्द बोलायचं, म्हणजे गिळलं याची खात्री. हे दोन शब्द बहुतेकदा हवेबद्दलच असतात. असा एक माणूस सहा वर्षं माझ्याकडे येत होता. मला 'हेन' म्हणायचा. ग्लासगोत बाईला आपुलकीने असंच हाकारतात. पुढे तो दुसऱ्या भागात राहायला गेला आणि वर्षा-दीड वर्षाने एक दिवस खांद्याला बॅग लावून दारात उभा राहिला. या खेपेला तो आमच्या काउंटरवरच्या मुलींना नॅलॉक्सोन कसं द्यायचं ते शिकवायला आला होता.

नॅलॉक्सोन म्हणजे हेरॉइनसारख्या नशेचा डोस जास्त झालेल्या माणसाचा थांबत चाललेला श्वास परत आणणारं औषध. ते घरोघरी पोचवायचा देशव्यापी कार्यक्रम स्कॉटलंडने २०११ मध्ये सुरू केला, जगात सगळ्यात आधी. मुलींना मी त्याची माहिती दिलेली होती, पत्रकंही दिली होती. पण तो म्हणाला, "घोरण्यासारखा आवाज येतो आणि ओठ निळे पडतात. लोकांना वाटतं, झोपलाय. माझा मित्र असाच झोपलाय असं मला वाटलं होतं." नंतर त्याने एका मुलीला जमिनीवर कुशीवर झोपवून दाखवलं, गुडघा कसा दुमडायचा, हनुवटी कशी वर करायची. त्या दिवसानंतर दुकानाबाहेर कुणी भिंतीला टेकून बसलेलं दिसलं की आमच्या मुली आपण होऊन बाहेर जाऊन बघतात. माझ्या पत्रकांनी हे घडलं नव्हतं.

स्कॉटलंड म्हणजे स्वर्ग असं मी मुळीच सांगत नाही. पंचावन्न लाख वस्तीच्या या देशात २०२० साली अमली पदार्थांनी १,३३९ माणसं गेली. २०२४ मध्ये आकडा १,०१७ वर आला, तरी युरोपातला हा सगळ्यात वाईट प्रदेशांपैकी एक. दारूचंही तसंच. २०१८ मध्ये इथे दारूला किमान दर ठरवून दिला आणि २०२४ मध्ये तो वाढवला. त्याने दारूमुळे होणारे मृत्यू कमी झाले असं सरकारी आरोग्य संस्थेच्या अभ्यासात दिसलं, आणि मी त्या दराच्या बाजूची आहे. पण त्याच अभ्यासात हेही दिसलं की ज्यांचं शरीर दारूवर अवलंबून आहे त्यांच्या पिण्यात दराने खास फरक पडला नाही. काहींनी तर जेवणाचे पैसे दारूकडे वळवले. माझ्या चुलतभावाला मी हे अनेकदा लिहून पाठवलंय. दुकान बंद केलं किंवा बाटली महाग केली तर पुढचा माणूस कदाचित वाचेल. जो आधीच बुडालाय त्याचं काय?

त्याच्यासाठी इथे शनिवारी चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये 'रिकव्हरी कॅफे' भरतो. मी महिन्यातून दोनदा मदतीला जाते. चहा, सूप, पाव, कोपऱ्यात मुलांची खेळणी, एका टेबलावर विणकाम. चहा करणारे, खुर्च्या मांडणारे, दाराशी उभं राहून 'ये रे, बस' म्हणणारे सगळे स्वतः त्यातून आलेले. दोन आठवडे सोबर, म्हणजे नशेपासून दूर असलेला माणूस कप विसळत असतो, कारण हाताला काम नसलं की हात थरथरतोय ते त्यालाच दिसत राहतं. शेजारी नऊ वर्षं सोबर असलेली बाई कप पुसत असते. ती फारसं बोलतही नाही. पण नऊ वर्षं काढता येतात, हे त्याला हातभर अंतरावर दिसत असतं.

माझ्या दादाच्या वाट्याला आधी नेमकं उलटं आलं. कराडजवळच्या आमच्या गावी वडील थकले तेव्हा कुणीतरी एका खासगी केंद्राचा नंबर दिला. पहाटे जीप आली, चौघांनी त्याला अंथरुणातून उचलला. तीन महिने ठेवला, मारला. परत आला आणि बाराव्या दिवशी प्याला. मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट ही, की ते केंद्र चालवणारेही दारू सोडलेलेच होते. म्हणून कुणी 'व्यसनातून सुटलेलेच दुसऱ्याला सोडवतात' असं सरसकट म्हणालं, की मी थांबवते. स्वतः भोगलं म्हणून दुसऱ्याला भोगायला लावायचा परवाना मिळत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याखाली अशी केंद्रंही येतात, त्यांची नोंदणी लागते, तपासणी व्हायला हवी. आणि रोज पिणाऱ्याने एकाएकी दारू तोडली तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. पहिले दिवस डॉक्टरचेच.

पण पहिले दिवस संपतात. मग संध्याकाळचे सात वाजतात आणि पाय सवयीने स्टँडकडे वळतात. दादासाठी त्या वेळी एक एसटी कंडक्टर यायचे. ते अकरा वर्षं सोबर. उपदेश नाही, शपथ नाही. "चल, मीटिंगला येतोस का? नाही तर नुसता चहा घेऊ." मंगळवारी आणि शुक्रवारी शाळेच्या एका वर्गात आठ-दहा माणसं बसायची, मुलांच्या बाकांवर गुडघे दुमडून. "मी मद्यपी आहे आणि फक्त आजच्या दिवसापुरता मी प्यायलेलो नाही." मी सुट्टीत गेले होते तेव्हा कुटुंबीयांसाठी खुली मीटिंग होती. तिथे दादाने सांगितलं की आईच्या तेराव्याला तो मागच्या गोठ्यात पीत होता. हे मला ठाऊक नव्हतं. बाकांवरच्या कुणाचीही मान हलली नाही, कुणी हळहळलंही नाही. बहुतेकांनी आपापले गोठे पाहिलेले होते. त्यानंतर दादाची एकदा स्लिप झाली, म्हणजे तो पुन्हा प्याला. दुसऱ्या दिवशी कंडक्टरकाका पुन्हा दारात.

ही रीत जुनी आहे. १९३५ मध्ये अमेरिकेत अ‍ॅक्रन गावी, धंद्यात अपयश येऊन हॉटेलात एकटा पडलेला न्यूयॉर्कचा एक शेअरदलाल बारकडे जाण्याऐवजी फोनकडे वळला आणि बोलायला दुसरा दारुडा शोधू लागला. त्याला एक सर्जन भेटला. अशा मीटिंगा भरवणारी अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस ही दारू सोडणाऱ्यांची संघटना तिथून सुरू झाली. आपल्याकडेही हे परकं नाही. १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पुण्यात मुक्तांगण उभं केलं, पु. ल. आणि सुनीताबाईंनी त्याला हात दिला, आणि गर्द (ब्राउन शुगर) सुटलेली, दारू सुटलेली माणसंच तिथे कार्यकर्ते झाली. बायकांचे 'सहचरी' गट झाले. पण मुक्तांगणाचं कौतुक करून आपण मोकळे होतो. २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार देशात दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांत एकालाच कसला तरी उपचार मिळतो. उरलेले सदतीस पुण्याला येणार नाहीत. त्यांच्याच तालुक्यात त्यांना कुणीतरी भेटायला हवं.

म्हणून मला वाटतं, सरकारने अशा माणसांना प्रशिक्षण द्यावं, मानधन द्यावं, ग्रामीण रुग्णालयात त्यांना एक खुर्ची द्यावी. इथे अशा नोकऱ्या आहेत. माझा तो मेथाडोनवाला माणूस आज पगारी आहे, आणि बँकेत खातं उघडलं त्या दिवशी मला ते सांगायला आला होता. आपल्याकडे कंडक्टरकाका ड्यूटी संपवून, स्वतःच्या पेट्रोलने फिरतात. स्त्रियांसाठी तर याहून कमी. आमच्या भागात 'उभी बाटली, आडवी बाटली' म्हणत बायकांनी मतदान करून दुकानं बंद पाडली, त्याचा मला अभिमान आहे. पण स्वतः पिणारी बाई कुठल्या वर्गात, कुठल्या बाकावर बसेल?

गेल्या वर्षी शाळेने तो वर्ग काढून घेतला. 'दारुडे जमतात' अशी पालकांची तक्रार होती म्हणे. त्या वर्गात जमत होती ती गावातली न पिणारी माणसं.

परवा ग्रुपवर पुन्हा वाद सुरू झाला तेव्हा मी काकांना वेगळा फोन केला. काका गावच्या वाचनालयाचे विश्वस्त आहेत. म्हटलं, "काका, दुकानं बंद करायला सरकार लागेल. वाचनालयाचा हॉल मंगळवारी सात ते साडेआठ उघडायला तुमची सही पुरेशी आहे." ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "मंडळापुढे ठेवतो. पण तुझा दादा स्वतः येऊन बोलेल का?"

दादाला मी विचारलं. येतो म्हणाला. मंडळाची बैठक पुढच्या रविवारी आहे; तोवर मीटिंग आमच्या अंगणात.