आमच्या घरचा थोर पुरुष

गल्लीत लागोपाठ दोन घरफोड्या झाल्या आणि आमच्या हिने फर्मान काढलं की आता राखणीला मोठा कुत्रा हवा, सीसीटीव्ही नको, तो नुसता बघत बसतो. म्हणून ग्रेट डेन आणला. पोराने नाव ठेवलं थॉर, आईच्या तोंडी त्याचं झालं थोर, आणि आता थोर म्हटल्याशिवाय तो मान वळवत नाही.

नावात डेन असलं तरी डेन्मार्कशी काडीचा संबंध नाही, हा मूळचा जर्मनीचा, तिकडे म्हणे रानडुकराच्या शिकारीला न्यायचे. आमचा मिक्सरला घाबरतो. दिवाळीत चार दिवस बाथरूममध्ये बादलीमागे लपून होता, म्हणजे बादलीमागे नाक, बाकीचा सगळा बाहेर.

आणला तेव्हा मांडीत मावायचा. वर्षभरात खांद्यापर्यंत ८२ सेंटिमीटर, वजन ६४ किलो, माझ्यापेक्षा दोन जास्त. आईचं मत, वाढतं अंग आहे, डिंकाचा लाडू आणि कॅल्शियमचं औषध चालू करा. डॉक्टरांनी हात जोडले, म्हणाले आजी, ही पिल्लं आधीच भराभर वाढतात, वरून कॅल्शियम दिलं तर हाडं बिघडतात, जरा सावकाश मोठा होऊ द्या. आईने ऐकलं, पण पोराला उपाशी ठेवतात हे मावशीला फोनवर अजून सांगते.

चोर अजून आलेला नाही, पण आला तर थोर त्याला टेकेल. या जातीला माणसाला टेकून उभं राहायची भारी हौस. गॅसवाला सिलेंडर घेऊन आला, हा प्रेमाने टेकला, आणि सिलेंडरसकट तो भिंतीला चिकटला. लाळेचं तर विचारू नका, मान झटकली की एक तार थेट ट्यूबलाइटवर. आम्ही सगळे खांद्यावर पंचा टाकून फिरतो, लांबून कुणाला वाटावं घरात मुंज आहे. सोफ्यावर बसतो तो ढुंगण वर आणि पुढचे पाय खाली फरशीवर, बँकेत टोकन घेऊन बसलेल्या पेन्शनर काकांसारखा. शेपूट म्हणजे चाबूक, आनंदात भिंतीवर आपटून आपटून टोकाला जखम झाली आणि रक्ताचे शिंतोडे पार जिन्यापर्यंत गेले. वरच्या काकूंनी मला थांबवून विचारलं, तुमच्याकडे पान कोण खातं हो?

पण खरा धाक पोटाचा. छाती खोल, त्यामुळे यांच्या पोटात गॅस भरून जठरच पीळ खातं आणि मग काही तासांत खेळ खलास. म्हणून जेवण थोडं थोडं, दोन-तीनदा विभागून, आणि आधी-नंतर तासभर पळापळ बंद. दुपारी थोर जेवला की बॉल लपवायचा, बेल काढायची, सगळ्यांनी गप पडायचं. पुण्यात याला वामकुक्षी म्हणतात, त्यामुळे एवढं एक आम्हाला लगेच जमलं. डॉक्टरांनी बजावलेलं, पोट टम्म झालं आणि उबळ येऊनही काही पडत नसेल तर सकाळ व्हायची वाट बघायची नाही.

मागच्या आठवड्यात रात्री साडेबाराला नेमकी तीच उबळ. पडत काही नाही. पोट फुगलंय का रोजचंच आहे ते कळेना, ही म्हणे फुगलंय, आई म्हणे नाही, मी दोघींच्या मधे टॉर्च धरून. गाडी गॅरेजला. रिक्षावाल्याने आधी थोरकडे बघितलं, मग माझ्याकडे, म्हणाला साहेब हा टेम्पोचा माल आहे, आणि लगेच, हाफ रिटर्न पडेल. मागच्या सीटवर थोर आडवा, त्याच्याखाली मी, माझ्या तोंडासमोर त्याचा पाय.

दवाखान्याच्या दारात हा स्वतःच उतरला, रिक्षावाल्याला नीट टेकला, दोनदा खॅक खॅक केलं आणि त्याच्या चपलेवर एक निळा मोजा ठेवला. आमच्या पोराचा. मग शेपूट हलवायला लागला.

डॉक्टरांनी तरी सगळं तपासलं, पोट ठीक आहे म्हणाले, बिल केलं, आणि आम्ही निघताना सहज विचारल्यासारखं विचारलं, जोडीतला दुसरा कुठंय?

पहाटे साडेतीनला आई, ही, मी आणि झोपेतून उठवलेला पोरगा, चौघं कॉटखाली, वॉशिंग मशीनमध्ये, दप्तरात मोजा शोधत होतो. थोर सोफ्यावर बसून बघत होता, पाय फरशीवर.